कोणाचीही नसलेली भूमी : ऑस्ट्रेलियन कादंबरीतील वसाहतकार आणि मूळनिवासी

मराठीत 'वसाहतवाद' ही संज्ञा आपण ज्या अर्थाने योजतो तो अर्थ मुख्यतः हिंदुस्थानच्या अनुभवावर बेतलेला आहे. इंग्रज येथे आले, त्यांनी सारा वसूल केला, कायदे केले, शाळा काढल्या आणि १९४७ साली ते परत गेले. या साऱ्या व्यवहारात प्रत्यक्ष 'वसाहत' म्हणावी अशी गोष्ट छावणी, सिव्हिल लाइन्स आणि थंड हवेची ठिकाणे एवढ्यापुरतीच मर्यादित राहिली. परक्या भूमीवर कायमचे जाऊन राहणे, ती कसणे आणि पुढे मुलाबाळांच्या नावे करणे हा या शब्दाचा मूळ अर्थ आपल्यापेक्षा ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाला अधिक लागू पडतो. किपलिंग आणि फॉर्स्टर यांच्या वाचनातून घडलेल्या कसोट्या घेऊन आपण ऑस्ट्रेलियन कादंबरीकडे वळलो, तर तिच्यातील मूळ ताणच आपल्या हातून निसटतो. राज्यकर्त्याला प्रजा हवी असते. तिच्याशिवाय राज्य ही कल्पनाच उरत नाही. जमीन वसवावयास आलेल्याला मात्र तेथे आधीपासून राहणारा माणूस ही अडचण असते. हा भेद निरपवाद नाही. उत्तरेकडील गुरांच्या अफाट कुरणांवर मूळनिवाशांच्या श्रमावाचून वसाहतकारांचे पान हलत नसे, हे पुढे दिसेलच. पण भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२६ जानेवारी १७८८ रोजी गव्हर्नर आर्थर फिलिप यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश कैद्यांचा पहिला तांडा सिडनीच्या खाडीत उतरला. त्या खंडावर माणूस पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ राहत होता आणि तेथे अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. न्यूझीलंडमध्ये १८४० साली माओरी प्रमुखांशी निदान वायटांगीचा तह झाला. ऑस्ट्रेलियात कोणाशीही तह झाला नाही. १८३५ साली जॉन बॅटमन याने पोर्ट फिलिपच्या परिसरातील मूळनिवाशांशी जमिनीचा एक करार केल्याचा दावा केला, तेव्हा गव्हर्नर बर्क यांनी तो जाहीरनाम्याने रद्द ठरविला. करार संशयास्पद होता हे खरे, परंतु रद्द करण्याचे कारण वेगळेच होते. सारी जमीन राजसत्तेची असल्याने मूळनिवाशांना ती देण्याचा अधिकारच नाही, असे त्यामागील गृहीत होते. 'टेरा न्यूलियस', म्हणजे कोणाचीही नसलेली भूमी, या नावाने पुढे ओळखले गेलेले हे गृहीत ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी माबो खटल्याच्या निकालात नाकारले. दोनशेचार वर्षे टिकलेली ही कायदेशीर कल्पना होती, आणि ऑस्ट्रेलियन कादंबरीचा जवळजवळ संपूर्ण इतिहास तिच्या सावलीत घडला आहे.

येथे परिभाषेविषयी थोडे सांगावयास हवे. 'आदिवासी' हा आपला शब्द मी टाळला आहे, कारण त्याच्यामागे अनुसूचित जमातींची आपली घटनात्मक चौकट आहे. 'मूळनिवासी' या शब्दालाही महाराष्ट्रात एक वेगळा राजकीय अर्थ आहे. तो येथे अभिप्रेत नाही. या शब्दाने येथे केवळ ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील ॲबोरिजिनल समाज, तोही अनेक भाषांचा आणि अनेक प्रदेशांचा समूह म्हणून, सूचित केला आहे.

आता पद्धतीचा प्रश्न. आपल्याकडील प्रबंधिकांत 'अमुक कादंबरीतील आदिवासी जीवनाचे चित्रण' हे शीर्षक चांगलेच रुळलेले आहे. अशा प्रबंधिकेत चालीरीती, सण, पेहराव, अंधश्रद्धा यांची वर्गवारी होते आणि अखेरीस लेखकाची दृष्टी सहानुभूतीची आहे की उपेक्षेची, याचा निवाडा दिला जातो. वसाहतकारांच्या कथात्म साहित्याला ही पद्धत अपुरी पडते, कारण तेथे सहानुभूती आणि बळकावणे या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. कॅनडातील समीक्षक टेरी गोल्डी यांनी 'फिअर अँड टेम्प्टेशन' (१९८९) या ग्रंथात कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील साहित्याची तुलना करून दाखविले आहे की, गोऱ्या लेखकांच्या लेखनात मूळनिवासी हा ठरावीक साच्यांतून फिरत राहतो: हिंसा, कामवासना, मौखिकता, गूढता आणि प्रागैतिहासिकता. हे साचे तिरस्काराचे असोत वा आकर्षणाचे, त्यांचे कार्य एकच असते. परक्या भूमीवर आलेल्या माणसाला आपण येथलेच आहोत असे वाटावयास लावणे, हे ते कार्य. म्हणून कादंबरीतील विशेषणे मोजण्यापेक्षा काही साधे प्रश्न विचारावेत असे मला वाटते. जमीन शेवटी कोणाच्या ताब्यात राहते? मूळनिवासी पात्राचे नाव कोण ठेवतो? ते बोलते की त्याच्याविषयी बोलले जाते? आणि कथानक संपताना ते जिवंत असते काय?

एकोणिसाव्या शतकातील लेखनाबाबत या प्रश्नांची उत्तरे चटकन मिळतात, त्यामुळे तेथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. चार्ल्स रोक्रॉफ्ट यांचे 'टेल्स ऑफ द कॉलनीज' (१८४३) हे कादंबरीइतकेच स्थलांतर करू इच्छिणाऱ्यांसाठीचे मार्गदर्शक पुस्तक आहे. बियाणे, मेंढ्या, झोपडीचे बांधकाम आणि मूळनिवाशांचे हल्ले या सर्वांची दखल त्यात व्यवहाराच्या एकाच पातळीवर घेतलेली आहे. रोझा प्रेड यांचे बालपण क्वीन्सलंडच्या सरहद्दीवर गेले. त्यांच्या घराच्या जवळच, हॉर्नेट बँक येथे, १८५७ साली मूळनिवाशांनी अकरा गोऱ्यांची हत्या केली आणि त्यानंतर वसाहतकारांनी दीर्घकाळ सूड उगविला. ही भीती आणि तिच्यामागची अपराधाची जाणीव प्रेड यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा वर येते. जीनी गन यांच्या 'वुई ऑफ द नेव्हर-नेव्हर' (१९०८) या अतिशय लोकप्रिय पुस्तकात स्वर अगदी वेगळा, प्रसन्न आणि घरगुती आहे. उत्तर प्रदेशातील (अर्थात ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील) एल्सी स्टेशनवर त्या १९०२-०३ मध्ये वर्षभर राहिल्या. तेथील मूळनिवासी त्यांना गमतीदार, प्रेमळ आणि बालसदृश वाटतात. मात्र याच पुस्तकात मूळनिवाशांना कुरणाबाहेर हुसकून लावण्याच्या मोहिमेचे वर्णनही एखाद्या सहलीच्या सुरात येते. उदार मालकिणीची माया आणि बंदूक एकाच घरात कशा नांदतात, हे समजून घेण्यासाठी हे पुस्तक मोलाचे आहे. तिरस्काराने भरलेली पुस्तके त्या मानाने उथळ असतात.

मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९६८ साली दिलेल्या बॉयर व्याख्यानांत ऑस्ट्रेलियन इतिहासलेखनातील एका थोर मौनाचा उल्लेख केला. राष्ट्राच्या इतिहासग्रंथांत मूळनिवाशांशी घडलेल्या संघर्षाला जागाच नाही, आणि हे विस्मरण आता पद्धतशीर झाले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या मौनाला एक भौतिक कारणही होते. १० जून १८३८ रोजी मायल क्रीक येथे किमान २८ मूळनिवासी मारले गेले. त्या प्रकरणी दुसऱ्या खटल्यात सात गोऱ्यांना दोषी ठरवून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फाशी देण्यात आले. असे पुन्हा क्वचितच घडले. हत्या थांबल्या नाहीत. त्यांविषयी बोलणे मात्र थांबले. क्वीन्सलंडमध्ये 'नेटिव्ह पोलिस' दलाच्या कागदपत्रांत अशा मोहिमांना 'डिस्पर्सल' म्हणत. जमाव पांगविणे, एवढाच त्याचा शब्दशः अर्थ. स्टॅनर यांचे निदान इतिहासलेखनापुरते खरे असले, तरी कादंबरीच्या बाबतीत ते तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. व्याख्यानाच्या आधी चाळीस वर्षे कादंबरी बोलू लागली होती. कशी, हे पाहण्यासाठी कॅथरिन सुझाना प्रिचर्ड यांच्या 'कूनार्डू'कडे वळावे लागते.

'कूनार्डू' १९२८ साली 'बुलेटिन' या साप्ताहिकाच्या कादंबरी स्पर्धेत पहिल्या पारितोषिकाची वाटेकरी ठरली आणि १९२९ साली ग्रंथरूपाने आली. प्रिचर्ड ऑस्ट्रेलियन कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. १९२६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागातील टूरी स्टेशनवर त्या राहिल्या आणि तेथील अनुभवातून ही कादंबरी उभी राहिली. कथानक सांगावयास सोपे आहे. वायटालिबा नावाच्या कुरणाची मालकीण मिसेस बेसी हिने कूनार्डू या मूळनिवासी मुलीला घरकामासाठी वाढविले आहे. कूनार्डू आणि मालकिणीचा मुलगा ह्यू हे बरोबर लहानाचे मोठे होतात. आईच्या मृत्यूनंतर खचलेला ह्यू कूनार्डूजवळ येतो. त्यातून विन्नी नावाचा मुलगा जन्मतो. ह्यू गोऱ्या बाईशी लग्न करतो, आणि विन्नीचा बाप कोण हे कळल्यावर ती पुढे त्याला सोडून जाते. कूनार्डू घरात राहते, परंतु ह्यू तिला स्पर्श करीत नाही. शेजारचा सॅम गिअरी मूळनिवासी स्त्रियांना उघडपणे ठेवतो, आणि आपण त्याच्यासारखे नाही हा ह्यूचा अभिमान आहे. गिअरी कूनार्डूला भोगतो तेव्हा हा अभिमान फुटतो. ह्यू तिला मारहाण करून आगीत लोटतो आणि हाकलून देतो. दुष्काळात कुरण बुडते व गिअरीच्या घशात जाते. रोगजर्जर कूनार्डू अखेरीस ओस पडलेल्या वायटालिबाला परतते आणि तेथेच मरते.

'बुलेटिन'च्या वाचकांचा यावर मोठा क्षोभ झाला. हिंसेविषयी त्यांची तक्रार नव्हती. गोऱ्या पुरुषाला काळ्या स्त्रीविषयी प्रेम वाटू शकते, ही गोष्ट त्यांना असह्य झाली. परिणामी व्हान्स पामर यांची याच स्वरूपाच्या विषयावरील कादंबरी छापण्यास 'बुलेटिन'ने नकार दिला. 'कूनार्डू'चा अनुभव पुरेसा झाला होता. येथे वसाहतकारांची नीती फार स्पष्ट दिसते. गिअरीचे वर्तन सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वांना चालते. जे नाव घेतल्यावाचून चालते ते चालू द्यावे, नाव मात्र घेऊ नये, असा हा अलिखित करार. प्रिचर्ड यांची खरी कामगिरी अशी की, त्यांनी दोषाचे माप गिअरीच्या पदरात टाकून हात झटकले नाहीत. कादंबरीत सर्वाधिक विनाश घडवितो तो सज्जन ह्यू. त्याचा संयम हाच त्याच्या वंशाभिमानाचा सर्वांत कठोर आविष्कार आहे.

आणि तरीही मघाचे प्रश्न या कादंबरीलाही विचारावयास हवेत. 'कूनार्डू' या नावाचा कादंबरीत दिलेला अर्थ 'सावलीतील विहीर' असा आहे. नायिका म्हणजे भूमी, पाणी, मातीतील ओलावा. तिला नाकारल्यामुळे ह्यूचे कुरण वाळते. हे प्रतीक सुंदर आहे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. भूमीचे प्रतीक झालेल्या स्त्रीला भूमीवर हक्क सांगता येत नाही. कूनार्डू राग व्यक्त करीत नाही, मागत नाही, तिचे आंतरिक जीवन जवळजवळ संपूर्णपणे ह्यूच्या भोवती फिरते. तिची निष्ठा हा तिचा स्वभावधर्म म्हणून येतो. मिसेस बेसीने तिला त्यासाठी जाणीवपूर्वक घडविले होते याकडे कादंबरी सुरुवातीला लक्ष वेधते आणि मग ते विसरते. प्रस्तावनेत लेखिकेने मूळनिवाशांचे चित्रण यथार्थ असल्याबद्दल पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी खात्यातील मुख्य निरीक्षकाचा हवाला दिला आहे, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मूळनिवाशांविषयीचे सत्य कोण प्रमाणित करणार, तर त्यांच्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी. प्रिचर्ड यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९२९ साली प्रामाण्य याहून वेगळ्या ठिकाणी शोधावे असे कोणाला सुचतच नव्हते.

झेव्हियर हर्बर्ट यांची 'कॅप्रिकॉर्निया' १९३८ साली आली. हर्बर्ट यांनी काही काळ डार्विन येथील काहलिन आश्रयस्थानाचे काम पाहिले होते आणि संरक्षणाच्या नावाखाली चालणारी कोंडी त्यांना आतून ठाऊक होती. गोऱ्या बापाच्या आणि मूळनिवासी आईच्या मुलाला कोणी नावच देत नाही, म्हणून 'नो-नेम' याचाच अपभ्रंश 'नॉनिम' हे त्याचे नाव होऊन बसते, ही कल्पना हर्बर्ट यांच्या प्रखर उपहासाची साक्ष आहे. याच वर्षी गोऱ्या वस्तीला दीडशे वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा झाला, आणि २६ जानेवारी १९३८ रोजी सिडनीत मूळनिवासी नेत्यांनी तो दिवस शोकदिन म्हणून पाळला. एलेनॉर डार्क यांच्या 'द टाइमलेस लँड' (१९४१) मध्ये प्रथमच गोऱ्यांच्या आगमनाकडे किनाऱ्यावरून, म्हणजे बेनेलाँगच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न झाला. मात्र शीर्षकातील कालातीतपणा ही देणगी संशयास्पद आहे. ज्याला काळ नाही त्याला इतिहासही नाही, आणि ज्याला इतिहास नाही त्याला भविष्यही नसते. पॅट्रिक व्हाइट यांच्या 'व्हॉस'(१९५७)पासून 'अ फ्रिंज ऑफ लीव्ह्ज'(१९७६)पर्यंतच्या कादंबऱ्यांत मूळनिवासी हे बहुधा गोऱ्या नायक-नायिकांच्या आत्मिक प्रवासातील टप्पे असतात. 'रायडर्स इन द चॅरिअट' (१९६१) मधील चित्रकार आल्फ डब्बो हा सन्माननीय अपवाद. टॉमस केनेली यांनी 'द चँट ऑफ जिमी ब्लॅकस्मिथ' (१९७२) ही कादंबरी १९०० सालच्या जिमी गव्हर्नर प्रकरणावरून, मूळनिवासी तरुणाच्या मनात शिरून लिहिली. पुढे स्वतः केनेली यांनीच आज आपण ती त्या दृष्टिबिंदूतून लिहिणार नाही असे सांगितले.

ही कबुली महत्त्वाची आहे, कारण तिच्यानंतर गोऱ्या कादंबरीकारांपुढे एक पेच उभा राहिला. मूळनिवाशाच्या मनात शिरावे तर ते बळकावणे ठरते. न शिरावे तर मौन पुन्हा चालू राहते. या पेचातून काढलेले दोन मार्ग मला विशेष अभ्यसनीय वाटतात.

पहिला मार्ग डेव्हिड मालूफ यांच्या 'रिमेंबरिंग बॅबिलॉन' (१९९३) या कादंबरीचा. माबो निकालानंतर वर्षभरातच ती प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्वीन्सलंडमधील एका छोट्या वस्तीच्या कुंपणावर एक विचित्र आकृती प्रकटते. ती गेमी फेअरली याची. जहाजावरचा हा गोरा पोरगा समुद्रात फेकला गेला आणि सोळा वर्षे मूळनिवाशांत राहिला. आता तो स्वतःची भाषा जवळजवळ विसरला आहे. आपण ब्रिटिश प्रजा आहोत असे सांगू पाहताना त्याच्या तोंडून 'प्रजा' ऐवजी 'वस्तू' असा अर्थ देणारा शब्द निघतो. इंग्रजीत हे दोन शब्द उच्चाराने जवळचे आहेत, आणि ती चूक साऱ्या कादंबरीला पुरून उरते. गोऱ्या कातडीच्या आत काळे काही शिरले असेल काय, ही वस्तीची खरी भीती. गेमीला भेटावयास एकदा दोन मूळनिवासी येतात. ते थोडा वेळ त्याच्याजवळ बसतात आणि निघून जातात. अँडी नावाचा एक मजूर हे दुरून पाहतो आणि त्यांनी गेमीला एक दगड दिल्याचे सांगतो. दगड कोणीच पाहिलेला नाही. परंतु त्या अदृश्य दगडाने वस्तीची झोप उडते. शत्रूविषयीची भीती कशी निर्माण होते आणि ती पोसण्यासाठी शत्रूची आवश्यकताही कशी उरत नाही, याचे इतके नेमके चित्रण माझ्या वाचनात दुसरे नाही. मालूफ मूळनिवाशांच्या मनात शिरत नाहीत. ते वसाहतकारांच्या मनाचेच उत्खनन करतात. याची किंमतही आहे. अनेक समीक्षकांनी दाखविल्याप्रमाणे, ज्यांच्याविषयी ही सारी भीती आहे ते लोक कादंबरीत जवळजवळ नाहीतच, आणि दोन संस्कृतींमधील दुवा म्हणून जो येतो तो शेवटी गोराच आहे.

दुसरा मार्ग केट ग्रेनव्हिल यांच्या 'द सीक्रेट रिव्हर' (२००५) या कादंबरीचा. शीर्षक स्टॅनर यांच्याच व्याख्यानांतून आलेले आहे. विल्यम थॉर्नहिल हा थेम्स नदीवरील गरीब नावाडी. चोरीबद्दल त्याला फाशीची शिक्षा होते, ती रद्द होऊन १८०६ साली त्याची न्यू साउथ वेल्सला रवानगी होते. हॉक्सबरी नदीच्या काठचा जमिनीचा एक तुकडा त्याच्या मनात भरतो. लंडनमध्ये ज्याच्या मालकीचे काहीच नव्हते अशा माणसाची ही भूक ग्रेनव्हिल इतक्या प्रत्ययकारी रीतीने उभी करतात की, वाचक नकळत त्याचा पक्ष घेऊ लागतो. थॉर्नहिल मका पेरण्यासाठी तेथील फुलझाडे उपटून टाकतो. ती फुलझाडे म्हणजे कंद होते, त्या कंदांवर मूळनिवासी स्त्रियांची गुजराण होती, हे त्याला नंतर उमगते. उमगल्यावरही तो मका काढीत नाही. कादंबरीचे सगळे नैतिक भान या छोट्या प्रसंगात आहे. ज्या जमिनीला नांगर लागलेला नाही तिला मालक नाही, ही कायद्याची समजूत येथे एका अडाणी माणसाच्या कुदळीतून व्यक्त होते. मूळनिवासी गवत जाळतात, मग कोवळी पालवी फुटते, तिच्यासाठी कांगारू येतात, तेव्हा हीसुद्धा एक शेतीच आहे हे त्याच्या ध्यानात येते. (अग्नीच्या या नियोजनाचा विस्तृत पुरावा पुढे बिल गॅमेज यांच्या 'द बिगेस्ट इस्टेट ऑन अर्थ' या २०११ सालच्या इतिहासग्रंथात आला.) त्याच जागी खडकावर कोरलेला एक मासा त्याला दिसतो आणि शेजारी त्याच्या स्वतःच्या नावेचे चित्र. ही भूमी रिकामी नाही, हे त्या क्षणी त्याला कळते.

अज्ञानामुळे अन्याय घडला, असे म्हणण्याची सोय ग्रेनव्हिल येथे काढून घेतात. थॉर्नहिलला कळते, आणि तरीही तो हत्याकांडात सामील होतो, कारण तसे न केल्यास बायको मुलांसह परत जाईल आणि जमीन सुटेल. शेजारच्या स्मॅशरसारखा तो क्रूर नाही. ह्यू आणि गिअरी यांची जोडी येथे वेगळ्या रूपात परत येते, आणि पुन्हा निर्णायक पाऊल बऱ्या माणसाचेच असते. त्या खडकातल्या माशावर पुढे त्याचे दगडी घर उभे राहते. म्हातारपणी तो श्रीमंत होतो आणि दुर्बीण घेऊन समोरच्या कड्यांवर कोणी दिसते का ते पाहत बसतो. अपराधाचा हा शेवट प्रभावी आहे. पण सावधपणे वाचणाऱ्याला येथे एक गोष्ट खटकते: दुःखही शेवटी थॉर्नहिलच्याच मालकीचे होते. जमिनीबरोबर शोकाचा अधिकारही त्याच्याकडे आला. इंगा क्लेंडिनन आणि मार्क मकेना या इतिहासकारांनी २००६ च्या सुमारास घेतलेले आक्षेप वेगळे होते. एका काळातील प्रसंग दुसऱ्या काळात नेणे आणि आजचे मन दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसात कल्पिणे यांना त्यांचा विरोध होता. तो वाद महत्त्वाचा असला तरी कादंबरीच्या दृष्टीने मला गौण वाटतो. अधिक मूलगामी प्रश्न भाषेचा आहे. कादंबरीत मूळनिवासी बोलतात, पण थॉर्नहिलला ते समजत नाही म्हणून वाचकालाही समजत नाही. लाँग जॅक, व्हिस्कर हॅरी ही नावे त्यांना वसाहतकारांनी चिकटविलेली. अँड्र्यू बोव्हेल यांनी २०१३ साली सिडनीत रंगभूमीवर आणलेल्या नाट्यरूपांतरात या पात्रांना धारुग भाषेतील संवाद मिळाले आणि धिरुंबिन ही मूळनिवासी निवेदक आली. रूपांतरकाराला हे करावेसे वाटले, ही कादंबरीवरील सर्वांत बोलकी टीका आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न अनोळखी नाही. दलित साहित्याच्या चळवळीत स्वानुभव आणि सहानुभूती यांविषयी जी चर्चा झाली ती आपल्या परिचयाची आहे. ती येथे उपयोगी पडते, पण जशीच्या तशी उचलू नये. दलित लेखकाचा प्रश्न एकाच समाजाच्या, एकाच भाषेच्या आतील बहिष्काराचा होता. नूंगार लेखक किम स्कॉट यांच्यापुढील अडचण अशी की, ज्या भाषेत स्वानुभव सांगावयाचा तीच हिरावली गेली आहे, आणि पूर्वजांचा शोध घ्यावयाचा तर तो वसाहती दप्तरांतच घ्यावा लागतो. त्यांच्या 'बेनांग' (१९९९) या कादंबरीत ए. ओ. नेव्हिल यांच्या प्रशासनाची भाषा आणि रक्ताच्या अपूर्णांकांचे सरकारी हिशेब कथनात ठेवले आहेत. नेव्हिल १९१५ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात मूळनिवाशांचे मुख्य संरक्षक होते. संरक्षक या शब्दाचा उपरोध कादंबरीकाराला निर्माण करावा लागला नाही.

स्कॉट यांच्याच 'दॅट डेडमन डान्स' (२०१०) मध्ये वसाहतकारांच्या वृत्तीचा इतिहास एका कबरीतून सांगितला आहे. आरंभीच्या काळात गोरे थोडे आहेत, पाणी-वाट-शिकार यांसाठी नूंगारांवर अवलंबून आहेत. डॉ. क्रॉस याला मृत्यूनंतर त्याचा नूंगार मित्र वुन्येरान याच्या शेजारी पुरले जाते. वस्ती वाढते, देवमाशांचा व्यापार वाढतो आणि गरज सरते. मग क्रॉसचे अवशेष नव्या, प्रतिष्ठित दफनभूमीत हलविले जातात. त्या खणण्यात वुन्येरानची हाडे विखुरली जातात. यामागे कोणाचाही द्वेष नाही. आता तिकडे लक्ष देण्याचे कारण उरलेले नाही, इतकेच. 'सहानुभूतीकडून द्वेषाकडे' किंवा 'द्वेषाकडून सहानुभूतीकडे' अशा सरळ रेषांनी वाङ्मयेतिहास मांडणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा: वृत्ती बदलते ती संख्येबरोबर आणि गरजेबरोबर. दुसऱ्या बाजूने पाहता, कादंबरीचे शीर्षक ज्या नृत्यावरून आले आहे ते नूंगारांनी १८०१ साली मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या सैनिकांची कवायत पाहून बसविलेले होते. परक्याची कवायत पाहून तिचा नाच करणाऱ्या समाजाला परक्याविषयी कुतूहल होते. त्याला कालातीत म्हणता येत नाही.

या कादंबऱ्या मराठीत आणावयाच्या झाल्यास सर्वांत अवघड शब्द 'कंट्री' हा ठरेल. मूळनिवाशांच्या इंग्रजीत त्याचा अर्थ देश असा नाही. विशिष्ट कुळाचा विशिष्ट भूभाग, त्यातील पाणवठे, प्राणी, पूर्वज, गाणी आणि त्यांच्याविषयीची कर्तव्ये हे सारे त्यात येते. आपल्याकडे 'मुलूख' आहे, पण त्याला मुलूखगिरीचा वास आहे. 'वतन' जवळचे वाटते, परंतु ते राजाने दिलेले असते आणि राजा ते काढूनही घेऊ शकतो. म्हणजे गव्हर्नर बर्क यांचीच भूमिका आपण शब्दातून मान्य करू. 'शीव' हा शब्द त्या मानाने चांगला, कारण तिच्यावर देव असतात आणि ती ओलांडण्याचे नियम असतात. तथापि ती गावाची असते, आणि गाव म्हटले की काळी आणि पांढरी, शेत आणि घरठाण, ही विभागणी आलीच. थॉर्नहिलने हॉक्सबरीच्या काठी पहिल्या दिवशी केली ती हीच विभागणी. त्याला ती जमीन पडीक दिसली. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी मात्र पडीक जमिनीलाही मालक असतो, आणि या एका शब्दापुरते तरी भाषांतरकाराला मूळ इंग्रजीहून अधिक अचूक होता येईल.